उभ्या माणसाची काडी

१

तुलाराम मिस्त्रीकडे माप द्यायला आलेल्या माणसाला आधी जोडे काढावे लागत आणि मग तोंड बंद ठेवावं लागे. मग तो कामठीच्या छावणीतला कर्नल असो की खाणीवरचा मॅनेजर. कामाच्या खोलीबाहेर एक दगडी फरशी होती. तिच्यावर सरळ उभं राहायचं, नजर अंगणातल्या आंब्यावर ठेवायची, दोन्ही हात सैल सोडून द्यायचे. तुलाराम बाजूला गुडघ्यावर बसून मनगटाच्या रेघेपासून जमिनीपर्यंत बांबूची कामटी कापायचा. बोलणारा माणूस खांदे उचलतो आणि खांदा उचलला की काठी बिघडते, असं त्याचं म्हणणं होतं. मोठमोठे साहेब त्या फरशीवर मास्तरासमोर उभं राहावं तसे गप उभे राहत आणि तुलारामला मनातून त्याची फार मजा वाटे.

मोहाडीकडच्या एका धानपट्टीतल्या खेड्यात गोल्फच्या काठ्या बनतात, हे ऐकून बाहेरचा माणूस आधी हसतोच. गावालाही ते कधी नीटसं पटलं नव्हतं. नांगर सोडून साहेबाच्या काठ्या घडवणारा वाढई म्हणून त्याची थट्टा चाले. पण हे खूळ त्याच्या बापाचं. बाप छावणीत मोडक्या काठ्या सांधायला होता. विलायती काठीची लाकडी मुंडी हातात घेऊन घेऊन त्याला कळलं, की या लाकडाचा भाऊबंद आपल्याच रानात उभा आहे. सारा जिल्हा ज्याची पानं खुडून विड्या वळतो तो तेंदू. बापाने पानं सोडली आणि खोडाच्या पोटातलं काळं लाकूड घेतलं.

ते लाकूड गिरणीच्या कोंड्यात वर्षानुवर्षं पुरून ठेवायचं, नाहीतर तडकतं. मग तासायचं, कानशीने गोल करायचं, मानेत भोक पाडून त्यात जालंधरहून आलेली पोलादी दांडी बसवायची. मुंडीच्या पाठीत शिसं ओतून वजन साधायचं, मानेवर मेण लावलेला दोरा आवळायचा आणि शेवटी मुठीवर चामड्याची पट्टी गुंडाळायची. कानस चालवताना तुलारामची एक लय होती. तीन लांब हात आणि एक फुंकर, तीन हात आणि फुंकर. त्याची बायको सत्यभामाबाई चुलीपाशी बसून त्या आवाजावरून सांगे, की आज मालकाचं डोकं ठिकाणावर आहे की नाही.

कापलेल्या कामट्या खोलीच्या भिंतीवर खिळ्यांना उभ्या टांगलेल्या असत. एक काडी म्हणजे एक माणूस. माणूस मेल्याचं कळलं की त्याची काडी चुलीत जाई. बापाचे दोन नेम होते. माणूस समोर उभा नसेल तर त्याची काडी घ्यायची नाही, आणि दुसऱ्याच्या काठीत आपलं माप घालायचं नाही. काहून, ते बापाने कधी सांगितलं नाही आणि तुलारामने कधी विचारलं नाही. हत्यार ओलांडू नये, तसंच हेही.

पहिल्या खिळ्यावर तुलारामची स्वतःची काडी होती. लग्नाच्या साली बापाने त्याला फरशीवर उभं करून ती कापली आणि तिच्या मापाने कामाचं टेबल करून दिलं. उभं राहिलं की मनगट बरोबर टेबलाच्या काठावर टेकायचं. तुलारामला शेत नव्हतं, मूलबाळ नव्हतं. दोन हात, ते टेबल आणि सत्यभामा, एवढाच त्याचा संसार, आणि त्यात तो खरोखर सुखी होता.

२

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. दिवाळी सरली होती, गावोगाव मंडईची जत्रा भरत होती आणि रात्रीच्या नाटकांनी लोकांचे डोळे तांबारलेले होते. अशा एका सकाळी भैय्यालाल सायकलवरून आला. हा तेंदूपानं गोळा होतात त्या फडीवर मुनीम होता. एरवी साऱ्या जगाची कामं करत फिरायचा आणि गालात खर्रा धरून बोलायचा. त्याने कापडात गुंडाळलेली एक बांबूची काडी टेबलावर ठेवली.

तलावाच्या पाळीवर जुना बंगला आहे, तिथे कोणी साहेब येऊन राहिलेत, त्यांना एक काठी पाहिजे, असं त्याने सांगितलं. साहेबांना इथवर येणं जमत नाही, म्हणून त्यांनी माप कापून पाठवलं आहे.

तुलारामने काडी जमिनीवर उभी धरली आणि भैय्यालालकडे पाहिलं. काडी चांगली वीतभर आखूड होती.

"हे उभ्या मानसाचं माप नोहे," तो म्हणाला. "साहेब केवढे हायेत?"

"आता कसं सांगू? मी त्यायले उभं पायलंच नाई. वऱ्हांड्यात जाळीमांगं खुर्चीत बसून रायतात. मांडीवर शाल." भैय्यालालने खर्रा दुसऱ्या गालात सारला. "जशी काडी तशी काठी करा म्हनलं त्यायनं. मी दोनदा इचारलं."

तुलारामला भैय्यालालचा संशय आला. वाटेत काडी मोडली असेल आणि याने टोक तासून आणली असेल, असं त्याला वाटलं. नाहीतर साहेबच आळशी, खुर्चीत बसल्या बसल्या माप घेतलं. त्याने साफ सांगून पाहिलं, की मी येतो आणि साहेबांना उभं करतो. भैय्यालाल म्हणाला, साहेब कोणाला आत येऊ देत नाहीत. बोलताना त्याची नजर भिंतीवरच्या काड्यांवरून फिरत होती.

काडी परत पाठवायला हवी होती, ते तुलारामला कळत होतं. पण माणसाला कामाची हाव असते तशी कामाची घमेंडही असते. या मापाने काठी केली तर ते खेळणं होईल, उद्या कोणी छावणीत दाखवेल आणि बापाचं नाव मातीत जाईल. आणि कोंड्यातून नुकताच एक तेंदूचा ठोकळा निघाला होता. काळाभोर, एकही रेघ नसलेला. तो त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

दोन दिवस त्याने विचार केला. मग साहेब काय, माणूसच, साधारण माझ्याएवढा असेल, असं स्वतःशी म्हणत त्याने पहिल्या खिळ्यावरची आपली काडी काढली आणि तिच्या मापाने दांडी कापली. साहेबाची आखूड काडी त्याने कोंड्याच्या पोत्यामागे फेकून दिली.

३

काठी अशी झाली, की हातातून सोडवेना. तुलारामने ती धरून अंगणात दोनदा फिरवली. सत्यभामा म्हणाली, आता टोपी घाला न् इंग्रजी बोला. तोही हसला. भैय्यालाल काठी घेऊन गेला आणि तो विषय संपला.

थंडी पडली तसे तुलारामचे खांदे दुखू लागले. दिवसभर कानस चालवली की संध्याकाळी मान वळेना. त्याने तिळाचं तेल चोळून घेतलं, जागरणाला दोष दिला. मग एक दिवस काम करता करता त्याच्या लक्षात आलं, की तो खांदे उचलून काम करतो आहे. आपल्या गिऱ्हाइकांना आयुष्यभर जे करू नका म्हणून सांगितलं, तेच. मनगट टेबलाच्या काठाला टेकत नव्हतं. काठच मनगटाच्या वर होता.

जमीन खचली असणार. तो उभा राहायचा तिथली माती इतक्या वर्षांत झिजली असणार. त्याने ती खणून, भर घालून, शेणाने सारवून घेतली. चार दिवस बरं वाटलं. मग पुन्हा तेच. मग त्याला वाटलं, सत्यभामेने वाळवीच्या भीतीने टेबलाच्या पायांखाली विटा सरकवल्या असतील. त्याने वाकून पाहिलं. पाय जमिनीवरच होते.

"का शोधून राहिले?" सत्यभामेने दारातून विचारलं.

"काई नाई. टेबल कोनी उचललं का ते पाहून राहिलो."

तिला वाटलं, थट्टा करतात. ती हसत आत गेली आणि तुलाराम तिच्या पाठीकडे पाहत राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण तिच्या हसण्याचा संशय त्याला त्या दिवशी पहिल्यांदा आला. नंतर त्याची त्यालाच लाज वाटली.

सदऱ्याच्या बाह्या बोटांवर येऊ लागल्या. धुऊन धुऊन कापड सैल झालं, असं सत्यभामा म्हणाली. तुलारामने बाह्या दुमडल्या. धुतलेलं कापड आटतं, हे तिलाही माहीत होतं.

४

शिमग्याच्या सुमाराला भैय्यालाल ती काठी घेऊन परत आला. मोडली नव्हती, फक्त मुठीचं चामडं नवं पाहिजे होतं. साहेब खूश आहेत, असं त्याने सांगितलं. आता उभे राहतात, वऱ्हांड्यात चार पावलं चालतातही.

तुलारामने काठी उजेडात धरली. मुंडीच्या तोंडावर चेंडूचा एकही ओरखडा नव्हता. बुडाची पितळी पट्टी मात्र घासून पातळ झाली होती आणि तिच्या कडेला तलावातला करडा गाळ वाळला होता. याने खेळ खेळलाच नाही. हा नुसता काठी टेकवून एका जागी उभा राहतो.

मग त्याने मूठ पाहिली. चामड्यावर अंगठ्याच्या जागी एक खोलगट खड्डा पडला होता, बाजूला तिरपा. तुलारामचा उजवा अंगठा तरुणपणी पटाशी लागून वाकडा झाला होता. त्याच्या प्रत्येक हत्याराच्या मुठीला तसाच तिरपा खड्डा होता, कानशीला, रंध्याला, गिरमिटाला. त्याने अंगठा चामड्यावर ठेवला. तो बसला, पण खड्डा थोडा मोठा होता.

पट्टी गुंडाळताना माझाच अंगठा दाबला गेला असेल, असं त्याने मनाला सांगून पाहिलं. मन म्हणालं, एवढा खड्डा पडायला दहा वर्षं लागतात.

"साहेब दिसाले कसे हायेत?" त्याने विचारलं.

भैय्यालाल म्हणाला, "जाळीमांगून का दिसते, मिस्त्री? पन उभे रायले का तुमच्यावानीच वाटतात. आंगानं." मग त्याने तुलारामकडे वरून खाली पाहिलं. "तुमची तब्येत उतरली दिसते."

काठी दोन-तीन दिवसांनी ने, असं सांगून तुलारामने त्याला घालवलं. मग सत्यभामेला हाक मारली. तिच्या हाती कामटी आणि सुरी देऊन तो फरशीवर उभा राहिला, नजर आंब्यावर, हात सैल. तिने हसतहसत त्याचं माप कापलं. तुलारामने ती काडी पहिल्या खिळ्यावरच्या काडीशेजारी धरली. नवी काडी चार बोटं आखूड होती.

"तुमी वाकून उभे असान," ती म्हणाली. तिने पुन्हा कापली. पुन्हा तेवढीच आली. बांबू वाळून आटतो, हे त्याला ठाऊक होतं. पण आटायची ती जुनी काडी, आणि जुनी तर लांब होती.

त्या दिवशी त्याला खरोखर भीती वाटली. मरणाची नव्हे. मरण आलं तर काडी चुलीत जाते आणि विषय मिटतो. आपले हात या टेबलाला पुरणार नाहीत आणि आपण असूनही या घरात आपली जागा राहणार नाही, याची ती भीती होती. काठी परत द्यायची नाही, असं त्याने ठरवलं आणि ती भिंतीवर उंच टांगून ठेवली. जाळायला मात्र हात धजेना. त्याच्या हातून उतरलेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं.

५

बाजाराच्या दिवशी तो मोहाडीला गेला. मेण आणि दोरा घेतला, ओळखीच्या एकाकडे चहा घेतला. उन्हं कलताना घरी आला तर भिंतीवर काठी नव्हती.

भैय्यालाल येऊन गेला का, म्हणून त्याने विचारलं. सत्यभामा तांदूळ पाखडत होती. तिने मान वर केली.

"तुमीच तं नेली," ती म्हणाली.

"मी?"

"दुपारी आले, हात वर करून काठी काढली, गडूभर पानी पेले न् गेले. मी म्हनलं बाजारातून एवढ्या लवकर कसे आले, तं बोलले नाई." तिच्या चेहऱ्यावर जुनं, लग्नातलं काहीतरी आलं. "आज बरे दिसून राहिले होते. ताठ."

तुलाराम खाली बसला. काठी उंच टांगली होती. स्टुलावर चढल्याशिवाय आता त्याचा हात तिथवर पोहोचत नव्हता, आणि टांगताना तो स्टुलावर चढलाच होता.

तो माणूस मी नव्हतो, असं तो तिला सांगू शकला असता. पण मग ती विचारणार, कोण होता? आणि तिने त्याला पाणी दिलं होतं. ती खोटं बोलते आहे, भैय्यालालशी मिळालेली आहे, हा विचार त्याने मुद्दाम मनात आणून पाहिला, कारण तो विचार त्यातल्या त्यात सुसह्य होता. तोही टिकेना. सत्यभामेला खोटं बोलता येत नसे. खोटं बोलायची वेळ आली की तिला हसू फुटायचं.

त्यानंतर तो घर सोडून कुठे गेला नाही. पण घरातही पायरी उंच झाली, खिळे वर गेले, कानशीची मूठ हातात मावेना. सत्यभामा कधीकधी जेवताना त्याच्याकडे पाहत राही आणि मग नजर दाराकडे वळवी, कोणाची वाट पाहत असल्यासारखी.

६

तेंदूपानाचा हंगाम लागला आणि सारा गाव पहाटे उठून रानात जाऊ लागला. असं बसून राहण्यात अर्थ नाही, हे तुलारामने एका दुपारी ठरवलं. काठी आणायची, सत्यभामेच्या देखत चुलीत घालायची. त्याने पहिल्या खिळ्यावरची आपली काडी काढून बगलेत धरली. साहेब असेल तर त्याला उभं करून मोजायचं, म्हणजे संशय तरी फिटेल. सायकल काढली तर पाय पेडलला पुरेनात. सायकल भिंतीला टेकवून तो चालतच निघाला.

तलाव तळाशी गेला होता. पाळीवर बंगला होता, त्याच्या वऱ्हांड्याला हिरवी जाळी. दार उघडंच होतं. जाळीमागे एक वेताची खुर्ची होती आणि तिच्यावर शाल नीट घडी करून ठेवलेली. तुलारामने हाक मारली. आत कोणी नव्हतं. मागच्या खोलीत पाण्याचा मटकादेखील नव्हता, चूल नव्हती, अंथरूण नव्हतं.

वऱ्हांड्याच्या लाकडी खांबावर सुरीच्या आडव्या खुणा होत्या. पहिली खूप खाली, मग थोडी वर, मग आणखी वर. एखाद्या घरात पोराची उंची मांडून ठेवतात तशा, फक्त मनगटापर्यंतच्या. त्याने बगलेतली काडी खांबाशी उभी धरली. काडीचं टोक सगळ्यात वरच्या खुणेला लागलं. त्या खुणेचं लाकूड अजून ताजं पांढरं होतं.

खांबासमोर धुळीत एका जागी दोन पावलं उमटलेली होती. कोणीतरी तिथे रोज येऊन उभं राहिल्यासारखी खोल. डाव्या पावलाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं होतं. तुलारामने स्वतःच्या डाव्या पायाकडे पाहिलं. त्या बोटावरून लग्नात सत्यभामेच्या बहिणींनी त्याला फार छळलं होतं. त्याने पाऊल त्या ठशात ठेवलं. ठसा मोठा होता, चहूबाजूंनी धूळ उरली.

"साहेब?"

पायऱ्यांखाली भैय्यालाल सायकल धरून उभा होता. गालात खर्रा, चेहऱ्यावर काळजी.

"साहेब, आज उन्हात काहून उठले? तुमाले उभं रायनं झेपत नाई. बसा खुर्चीत. शाल देऊ का?"

"भैय्यालाल, मी तुलाराम. तुलाराम मिस्त्री."

भैय्यालाल नम्रपणे हसला, आजारी माणसाच्या बोलण्यावर हसतात तसा. "मिस्त्री घरी हायेत, साहेब. आत्ताच तं मी त्यायच्या हातचा चहा पिऊन आलो."

तो खुर्ची पुसू लागला. त्या खुर्चीकडे पाहून तुलारामच्या गुडघ्यांना एकदम विसावा हवासा वाटला, आणि त्या वाटण्याचीच त्याला सगळ्यात जास्त धास्ती बसली. हातातली काडी तिथेच टाकून तो पायऱ्या उतरला. एकेका पायरीवर त्याला दोन्ही पाय टेकवावे लागत होते.

७

अंगणाच्या कुडाशी आला तेव्हा ऊन उतरलं होतं. त्याने श्वास धरून कान दिला. कामाच्या खोलीतून कानशीचा आवाज येत होता. तीन लांब हात आणि एक फुंकर. तीन हात आणि फुंकर. डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाचा आवाज.

दारावर अर्धी ताटी लावलेली होती. ताटीखालून टेबलाचे पाय दिसत होते आणि त्यांच्याशी टेकून दोन पाय, टाचा जमिनीला धरून, आरामात उभे. डावं पाऊल थोडं पुढे होतं. ती त्याचीच उभं राहायची तऱ्हा होती.

कोंड्याचं पोतं कोणीतरी बाहेर काढून भिंतीशी ठेवलं होतं. दिवाळीनंतर त्याच्यामागे फेकलेली साहेबाची आखूड काडीही त्याच्यासोबत बाहेर येऊन पडली होती. तुलारामने ती उचलली, जमिनीवर टेकवली आणि हात सैल सोडला. काडीचं टोक त्याच्या मनगटाच्या रेघेला बरोबर लागलं. एक केसही इकडेतिकडे नाही. माप चुकीचं नव्हतं. ते साहेबाने बसून घेतलं नव्हतं आणि भैय्यालालने मोडलंही नव्हतं. फक्त ज्याचं होतं, तो तेव्हा अजून तेवढा लहान झाला नव्हता.

सत्यभामा पाण्याची घागर घेऊन आली आणि त्याला पाहून थबकली. पदर नीट करून तिने विचारलं, "कोन पायजे, बाबाजी?"

त्याला तिचं नाव घ्यायचं होतं. इतक्या वर्षांत त्याने तिला नावाने कधी हाक मारली नव्हती, आणि आता ते नाव तोंडातून निघेना. ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. मग तिची नजर खाली गेली आणि त्याच्या डाव्या पायावर थांबली. अंगठ्यावर चढलेल्या बोटावर. घागरीतलं पाणी हिंदकळून तिच्या लुगड्यावर सांडलं. तिला कळलं, हे त्याने स्पष्ट पाहिलं. आतून फुंकर ऐकू आली. तिने त्या आवाजाकडे मान वळवली, आणि पुन्हा त्याच्याकडे वळली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"उभे राहा फरशीवर," ती हळूच म्हणाली. "मालक येतातच."

ती आत गेली. तुलाराम फरशीवर चढला. आता एकच आशा उरली होती. आत जो आहे तो तुलाराम असेल, तर बापाचा नेम पाळील. समोर उभ्या माणसाचं माप खरं घेईल. मग आपण बोलू, सगळं सांगू, निदान त्याचं तोंड तरी पाहू. त्याने नजर आंब्यावर ठेवली आणि हात सोडून दिले.

कानस थांबली. ताटी सरकली. कोणीतरी येऊन त्याच्या बाजूला गुडघ्यावर बसलं. तेंदूच्या भुशाचा ओळखीचा वास आला. बांबूचं गार टोक मनगटाला लागलं आणि त्यासोबत एक वाकडा अंगठा. तुलाराम वळून पाहणार, तोंड उघडणार, एवढ्यात खालून आवाज आला. त्याचाच आवाज, गिऱ्हाइकाशी बोलतानाचा, जरा मजा वाटत असलेला.

"बोलू नका. बोलनारा मानूस खांदे उचलते."

आयुष्यभराची सवय होती. तुलाराम गप राहिला. त्याने खांदे सैल सोडले, पाठ ताठ केली आणि श्वास रोखून आंब्याकडे पाहत राहिला. सुरी बांबूत शिरली, कट्ट आवाज झाला. पावलं आत गेली. मग भिंतीत खिळा ठोकल्याचे आवाज येऊ लागले, आणि त्या आवाजांमधून सत्यभामेने बारीक आवाजात विचारलं, कोनाची काडी हाय.

"बंगल्यावरच्या साहेबाची," आतला माणूस म्हणाला.